लष्करी अळी : नावं अनेक, कीड एकच, मका, ज्वारी, ऊस उत्पादकांनी काय पाहावं, काय करावं

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्याच्या पोंग्यात एक अनोळखी अळी सापडली. तिथल्या कृषी महाविद्यालयातील कीटकशास्त्रज्ञांनी ती तपासली आणि ही अमेरिका खंडातील ‘फॉल आर्मीवर्म’ असल्याचे निष्पन्न झाले. भारतातच नव्हे, तर आशिया खंडातच ही तिची पहिली नोंद होती. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेने त्याच वर्षी जुलैअखेर देशभरासाठी इशारा दिला. पण इशारा गावोगाव पोहोचेपर्यंत अळीने तेलंगणा, आंध्र, तमिळनाडू, महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द ओलांडली होती. पुढच्या वर्षी ती मध्य प्रदेशातही पोहोचली.

तेव्हापासून ही कीड इथून गेलेली नाही आणि आता जाणारही नाही. बेळगाव, गडहिंग्लज, सांगली, विजयपूर, दाहोद, झाबुआ, निजामाबाद अशा सगळ्या पट्ट्यांत मका करणाऱ्याला तिच्यासोबतच शेती करायची आहे. ते जमण्यासारखे आहे. मात्र ती ओळखायची कशी, पाहायची कधी आणि औषध कधी मारायचे नाही, या तीन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात.

नावांचा गोंधळ

मराठीत हिला ‘अमेरिकन लष्करी अळी’ म्हणतात. नुसते ‘लष्करी अळी’ म्हटले की घोळ होतो, कारण आपल्याकडे त्याच नावाची एक जुनी देशी अळी आहे. ती ज्वारी, भात, मका यांवर थव्याने येऊन पाने फस्त करते. शास्त्रीय भाषेत ती ‘मायथिम्ना’, तर नवी अळी ‘स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा’.

निपाणी भागातल्या तंबाखू उत्पादकांना या नव्या अळीची चुलत बहीण चांगली माहीत आहे. तंबाखू, सोयाबीन, भुईमुगाची पाने खाणारी ‘स्पोडोप्टेरा लिट्युरा’ ती हीच. दोघींचे कुळ एक असले तरी आवड वेगळी. तंबाखूवरची अळी रुंद पानांच्या पिकांवर जगते, तर अमेरिकन अळीची पहिली पसंती मका आणि गवतवर्गीय पिके.

सीमेपलीकडे गेले की नाव बदलते. कन्नडमध्ये ती ‘सैनिक हुळू’ आहे. तेलुगूत तिला ‘कत्तेर पुरुगू’ म्हणजे कात्री-किडा म्हणतात. गुजरातीत नावातच ओळख सांगितली आहे : ‘पूंछडे चार टपकांवाळी लश्करी इयळ’, म्हणजे शेपटीवर चार ठिपके असलेली लष्करी अळी. हिंदी पट्ट्यात बहुतेक ठिकाणी ‘फॉल आर्मीवर्म’च चालते. शेजारच्या राज्यातले पत्रक हाती पडले किंवा दुकानदाराने वेगळे नाव सांगितले, तर कीड वेगळी समजून दुसरे औषध घेऊ नये.

‘फॉल’ म्हणजे तिकडचा शरद ऋतू. अमेरिकेत कडक थंडी आणि बर्फ तिला सोसत नाही. त्यामुळे ती दक्षिणेकडच्या उबदार भागात तग धरते आणि उन्हाळाभर सरकत सरकत शरदात उत्तरेला पोहोचते. दख्खनच्या पठारावर तिला अडवणारी अशी थंडीच नाही. इथे बारा महिने कुठे ना कुठे मका उभा असतो, म्हणून तीही बारा महिने असते.

ओळख : डोक्यावर ‘वाय’, शेपटीवर चौकोन

अळी हातात घेऊन दोनच खुणा पाहाव्यात.

• डोक्यावर पुढच्या बाजूला इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट रेघ असते.
• शेपटीकडे, शेवटून दुसऱ्या भागावर, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्यासारखे चार ठळक काळे ठिपके असतात.

रंगावर जाऊ नये. ती हिरवट, तपकिरी किंवा जवळजवळ काळीही असते. अगदी लहान अळीत या खुणा भिंगाशिवाय दिसत नाहीत, त्यामुळे त्या वेळी झाडावरच्या खुणा जास्त कामाच्या.

झाडावरच्या खुणा, क्रमाने

पहिली खूण म्हणजे पानावर कागदासारखे पांढरे, पारदर्शक पट्टे. नुकत्या निघालेल्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवतात. हे पट्टे दिसले की अळी लहान आहे आणि वेळ हातात आहे.

दुसरी खूण म्हणजे पोंग्यातून उलगडणाऱ्या पानावर आडव्या रांगेत पडलेली भोके. गुंडाळलेल्या पानातून अळी आरपार गेलेली असते, म्हणून पान उघडले की एकसारखी रांग दिसते.

तिसरी खूण म्हणजे पोंग्यात ओला लाकडी भुसा भरल्यासारखी विष्ठा. ही दिसली की आत मोठी अळी बसली आहे, असे समजावे. विष्ठेचाच बुच तयार होतो आणि वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘औषध मारलं तरी अळी मरत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याच टप्प्यावरची असते.

खोडकिड्याचीही पानावर भोके पडतात, पण ती लहान असतात. खोडकिडा पुढे खोडात शिरून पोंगा वाळवतो आणि वाळलेला पोंगा ओढला की सहज हातात येतो. लष्करी अळीत पाने फाटकी-तुटकी होतात आणि भुशासारखी विष्ठा भरपूर असते.

पीक मोठे झाले की अळी तुऱ्यावर आणि मग कणसात जाते. कणसाची बाजू पोखरून ती दाणे खाते, तिथे पुढे बुरशी धरते आणि बाजारात मालाची प्रत घसरते.

तीस दिवसांचा फेरा

मादी पतंग पानावर पुंजक्याने अंडी घालते. एका पुंजक्यात साधारण १०० ते २०० अंडी असतात आणि त्यांवर करड्या केसांचे आवरण असते. एक मादी आयुष्यभरात हजार-दीड हजार अंडी घालू शकते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. अळी दोन ते तीन आठवडे खाते, सहा अवस्था पार करते आणि मग जमिनीत काही सेंटिमीटर खोल जाऊन कोष करते. आठ-दहा दिवसांत पतंग बाहेर येतो. असा सगळा फेरा महिनाभरात पुरा होतो, थंडीत तो दोन-तीन महिन्यांपर्यंत लांबतो.

या फेऱ्यातल्या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत. पहिली, अळी आयुष्यभरात जेवढे खाते त्यातला बहुतांश भाग शेवटच्या दोन अवस्थांत खाते. म्हणजे नुकसान डोळ्यात भरेपर्यंत अळी मोठी आणि चिवट झालेली असते. दुसरी, मोठ्या अळ्या एकमेकींना खातात. म्हणून शेकडो अंडी फुटली तरी एका पोंग्यात शेवटी एक-दोनच अळ्या उरतात. बाकीच्या लहानपणीच रेशमासारख्या धाग्याला लटकून वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडांवर गेलेल्या असतात.

पतंग निशाचर आहे. अनुकूल वारा मिळाला तर तो एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जातो. शिवमोग्ग्याहून बेळगावला यायला त्याला फार रात्री लागत नाहीत. आणि बेळगावहून चंदगड किंवा गडहिंग्लज तर एका रात्रीच्याही आतले. जानेवारी २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत प्रथम नोंदलेली ही कीड दोनच वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडील जवळजवळ सगळ्या आफ्रिकेत पसरली. भारतानंतर २०१९ मध्ये ती चीनमध्ये आणि २०२० च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात पोहोचली.

धोका किती मोठा?

या अळीची साडेतीनशेहून अधिक यजमान झाडे नोंदली गेली आहेत. तरी प्रत्यक्षात सर्वांत मोठा फटका मक्यालाच बसतो. आफ्रिकेतील १२ मका उत्पादक देशांसाठी २०१७ मध्ये एक अंदाज काढला गेला. नियंत्रण केले नाही तर त्या देशांत वर्षाला ८३ लाख ते २ कोटी ६ लाख टन मक्याचे नुकसान होऊ शकते, असा तो अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ च्या अखेरीस या एकाच किडीसाठी जागतिक मोहीम जाहीर केली.

आपल्याकडे मका ताटात कमी आणि बाकी सगळीकडे जास्त आहे. कोंबडीखाद्य, पशुखाद्य, स्टार्च आणि आता इथेनॉल, सगळीकडे मकाच लागतो. कोल्हापूर, बेळगावच्या दूधपट्ट्यात हिरवा मका आणि मुरघास हा गोठ्याचा आधार आहे. झाबुआ, दाहोद, छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात मात्र मका आजही घरची भाकरी आहे. तिथले नुकसान थेट घरातल्या कणगीत दिसते.

ज्वारीतही ही अळी पोंग्यात बसते आणि खुणा मक्यासारख्याच असतात. लवकर पेरलेल्या रब्बी ज्वारीवर लक्ष ठेवावे लागते. उसावर तिची नोंद २०१८ मध्येच सांगली जिल्ह्यातून झाली. उसाचे नुकसान मक्याइतके होत नाही. शेजारी मका असेल तर लहान उसाच्या पोंग्यात ती आढळते. चार पाने फाटलेली दिसली म्हणून उभ्या उसावर फवारणीचा खर्च करण्याची गरज नाही. गोव्यात मक्याचे क्षेत्र फार थोडे असल्याने तिथे चाऱ्याचे तुकडे पाहिले तरी पुरे.

शंभर झाडे मोजा, मग ठरवा

उगवण झाल्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात फिरावे. बांधावरून नव्हे, आत शिरून. नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबावे आणि प्रत्येक ठिकाणी सलग २० झाडे पाहावीत. शंभरपैकी जितक्या झाडांवर ताज्या खुणा दिसतील, तितके टक्के प्रादुर्भाव. हिशेबाला कागद-पेन्सिलही लागत नाही.

• रोप अवस्था, पहिले दोन-तीन आठवडे : ५ टक्के झाडांवर ताज्या खुणा असतील तर निंबोळी अर्क किंवा जैविक उपाय सुरू करावेत.
• पोंगा अवस्था : साधारण १० टक्क्यांपुढे गेले तर रासायनिक औषधाचा विचार करावा. पीक मोठे असेल तर २० टक्क्यांपर्यंत थांबता येते.
• तुरा आणि कणीस अवस्था : रासायनिक फवारणी करू नये. पैसा जातो, कणसातली अळी वाचते आणि मजुराच्या अंगावर औषध येते.

मका हे सावरणारे पीक आहे, हेही लक्षात ठेवावे. पाने फाटली तरी पोंग्यातला वाढीचा कोंब शाबूत असेल, खत-पाणी वेळेवर असेल तर झाड नवी पाने काढून बरेचसे नुकसान भरून काढते. फाटके पान पाहून घाबरून मारलेले औषध अनेकदा वायाच जाते.

पेरणीआधी आणि पेरताना

उन्हाळ्यात खोल नांगरट केली की कोष वर येतात. उन्हाने आणि पक्ष्यांनी ते संपतात. बियाण्याला सायअँट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झाम या संयुक्त औषधाची प्रक्रिया केलेली असेल तर पहिले दोन-तीन आठवडे रोपाला संरक्षण मिळते. बियाण्याच्या पिशवीवर ते लिहिलेले असते, घरी आल्यावर पिशवी फेकू नये.

तूर, उडीद, मूग यांचे आंतरपीक घेतल्यास अळीचे मित्रकीटक वाढतात आणि अंडी घालणाऱ्या मादीचीही थोडी गफलत होते. शेताच्या कडेने नेपिअर गवताच्या तीन-चार ओळी लावल्या तर त्या सापळा पिकाचे काम करतात. एकरी चार-पाच कामगंध सापळे लावले की पतंग आल्याची वर्दी मिळते. पक्ष्यांसाठी एकरी दहाएक थांबे उभारावेत. टी आकाराच्या काठ्या पुरतात.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड उपाय म्हणजे शिवारात एकाच वेळी पेरणी. एकाचा मका गुडघ्याएवढा, दुसऱ्याचा कणसात आणि तिसऱ्याचा नुकता उगवलेला, असे झाले की पतंगाला नेहमीच कोवळे पीक मिळते. एका शेतात तयार झालेली पिढी शेजारच्या शेतात अंडी घालते. सीमाभागात हे जास्त जाणवते. पाणी सोडण्याच्या तारखा, बियाणे येण्याच्या तारखा आणि शासकीय सल्ले दोन्हीकडे वेगळे असतात, पण शिवार मात्र लागून असते.

अळी दिसल्यावर

अंडीपुंज दिसले की पान खुडून चिरडावे. लहान क्षेत्रात हाताने अळ्या वेचणे हा कमीपणा नव्हे. पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू किंवा माती टाकण्याची पद्धतही उपयोगी पडते, अळी घासली जाऊन मरते. जोराचा पाऊस हेही एक औषधच आहे. पोंग्यात पाणी साचले की लहान अळ्या बुडून मरतात. याउलट पावसाने ओढ दिली की प्रादुर्भाव भडकतो, तेव्हा फेऱ्या वाढवाव्यात.

निंबोळी अर्क : ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून, थोडा साबण घालून एकूण १०० लिटर पाणी करावे. अंड्यांवर आणि लहान अळ्यांवर याचा चांगला परिणाम होतो, मोठ्या अळीवर फारसा होत नाही.

जैविक : ट्रायकोग्रामा गांधीलमाशीची कार्डे एकरी ५० हजार अंडी या प्रमाणात लावतात. मेटाऱ्हायझियम ही बुरशी लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात, हवेत ओलावा असताना संध्याकाळी पोंग्यात फवारावी. तिच्याच जातकुळीतली ‘नोमुरिया’ बुरशी कर्नाटक-महाराष्ट्राच्या पावसाळी शिवारात आपोआप येते. पानाला चिकटून कडक झालेली, पांढरी किंवा फिकट हिरवी पडलेली अळी दिसली तर ती याच बुरशीने मेलेली असते. अशा वेळी रासायनिक औषध मारणे म्हणजे फुकटात राबणारा गडी हाकलून देणे.

विषारी आमिष : १० किलो भाताचा कोंडा आणि २ किलो गूळ दोन-तीन लिटर पाण्यात कालवून दिवसभर आंबवतात. वापरण्याच्या अर्धा तास आधी कृषी कार्यालयाने सुचवलेले कीटकनाशक त्यात मिसळून छोट्या गोळ्या पोंग्यात टाकतात. बुचामागे बसलेल्या मोठ्या अळीसाठी हा उपाय आहे. जनावरे आणि मुले त्या शेतात जाणार नाहीत, याची खात्री हवी.

रासायनिक : क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी (लिटरला ०.४ मिली), इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी (लिटरला ०.४ ग्रॅम) आणि स्पिनेटोरम ११.७ एससी ही शिफारशीत आलेली औषधे. खरेदीपूर्वी लेबलवर मका आणि ही कीड आहे का ते पाहावे, स्पिनेटोरमचे प्रमाणही लेबलवरूनच घ्यावे. नोझल पोंग्याकडे धरून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारावे, भर दुपारी नव्हे.

इथे एक बारकावा आहे. बीजप्रक्रियेतले सायअँट्रानिलीप्रोल आणि फवारणीचे क्लोरँट्रानिलीप्रोल हे एकाच गटातले आहेत. बियाण्याला ती प्रक्रिया झाली असेल तर पहिली फवारणी दुसऱ्या गटातल्या औषधाची करावी. लागोपाठ एकच गट वापरला की अळी त्याला सरावते. अमेरिकेत या अळीने जनुकीय बदल केलेल्या बीटी मक्यालाही दाद देणे काही ठिकाणी बंद केले आहे. भारतात बीटी मक्याच्या लागवडीला परवानगी नाही.

फवारणाऱ्याचा जीव

छातीपेक्षा उंच मक्यात पंप चालवला की औषधाचे तुषार थेट तोंडावर येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कापसात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते विसरून चालणार नाही. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. वाऱ्याच्या विरुद्ध चालू नये, दोन-तीन औषधांची मनाने भेसळ करू नये आणि उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नये. चक्कर, उलटी, डोळ्यांसमोर अंधारी आली तर औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत घेऊनच दवाखाना गाठावा. डॉक्टरला ते पाहूनच उपचार ठरवता येतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चाऱ्याच्या मक्यावर काय मारावं? शक्यतो निंबोळी अर्क आणि जैविक औषधेच. रासायनिक फवारणी केलेला हिरवा मका लगेच जनावरांना घातला तर विषबाधेचा धोका असतो आणि औषधाचा अंश दुधात उतरू शकतो.

अळी पडलेलं कणीस खाल्लं तर चालतं का? ही अळी माणसाला विषारी नाही. खराब भाग काढून बाकीचे दाणे वापरता येतात. बुरशी धरलेले दाणे मात्र माणसालाही नकोत आणि कोंबड्यांनाही नकोत.

ही कीड कायमची संपेल का? नाही. पण परदेशी किडीला इथले शत्रू हळूहळू सापडतात. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत आला आणि पुढे महाराष्ट्र-कर्नाटकातल्या बागाही त्याने उद्ध्वस्त केल्या. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याची शत्रू असलेली सूक्ष्म गांधीलमाशी आणून सोडली गेली आणि वर्ष-दोन वर्षांत तो आटोक्यात आला. लष्करी अळीवर एवढा नेमका उतारा मिळालेला नाही. मात्र तिची अंडी आणि अळ्या मारणाऱ्या इथल्या गांधीलमाश्या, शेपटीला चिमटा असलेले कीटक आणि बुरशी शिवमोग्ग्याच्या शेतांतच पहिल्या दीड वर्षात सापडल्या. त्यांना जगू देणे हा सगळ्या उपायांतला सर्वांत लांब पल्ल्याचा उपाय आहे.

विचारायचं कुणाला?

कर्नाटकात होबळी पातळीवरचे रयत संपर्क केंद्र, महाराष्ट्रात सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि तालुका कृषी अधिकारी, गोव्यात विभागीय कृषी कार्यालय, मध्य प्रदेशात ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी. प्रत्येक जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात कीटकशास्त्राची माहिती मिळते. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे आणि तो सकाळी ६ ते रात्री १० सुरू असतो. विचारताना पिकाचे वय, शंभरपैकी किती झाडांवर खुणा आहेत आणि आधी कोणते औषध मारले, या तीन गोष्टी सांगाव्यात. जमल्यास अळीच्या डोक्याचा आणि शेपटीचा फोटो पाठवावा. भाषा कोणतीही असली तरी उलटा ‘वाय’ आणि चार ठिपके सगळ्यांना सारखेच समजतात.

आपल्या शेतात पहिले पांढरे पट्टे दिसले की बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याला त्याच दिवशी कळवावे, मग त्याचा सातबारा महाराष्ट्रातला असो की उतारा कर्नाटकातला. त्याच्या शेतातला पतंग तुमच्याकडे यायला आणि तुमचा त्याच्याकडे जायला एक रात्रही लागत नाही.